‘बाप्तिझो’ आणि ‘बुडणें’ : एका ग्रीक क्रियापदाचा अभ्यास

मागील सत्रांत भाषेच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. ‘बाप्तिस्मा’ हा शब्द कोणत्या भाषेंतला, अशी वर्गांत गोष्ट निघाली असतां आम्हीं सांगितलें कीं, तो ग्रीक आहे. त्याच्या मुळाशीं ‘बाप्तिझो’ हें क्रियापद असून त्याचा अर्थ ‘बुडविणें’ असा आहे. तेव्हां हा विद्यार्थी उभा राहून म्हणाला, “गुरुजी, मग आपल्या लोकांनीं ‘बुडविणें’ असेंच कां म्हटलें नाहीं? मराठींत शब्द नव्हता काय?” तास संपत आला होता. “पुढें केव्हां तरी सांगूं,” असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनांतून जाईना. त्या विद्यार्थ्याचें घर सांगलीस नदीकांठीं आहे, आणि ‘बुडणें’ म्हणजे काय हें त्याला कोशांत पाहावें लागत नाहीं, हें आम्हांस मागाहून आठवलें. त्याच्या प्रश्नाचें उत्तर ह्या अंकांत देण्याचें योजिलें आहे. उत्तर थोडें लांबचें आहे. ग्रीस देशांतून निघून कृष्णाकांठीं येईपर्यंत वाचकांनीं धीर धरावा.

१. लोहार आणि रंगारी

‘बाप्तिझो’ हें क्रियापद ‘बाप्तो’ ह्या त्याहून जुन्या क्रियापदापासून निघालें आहे. ‘बाप्तो’ म्हणजे एखादी वस्तु द्रवांत बुचकळणें. होमरच्या ‘ओडिसी’ ह्या महाकाव्याच्या ९ व्या सर्गांत ओडिसियस व त्याचे सोबती एका डोळ्याच्या राक्षसाच्या डोळ्यांत तापविलेला खुंट खुपसतात. त्या वेळीं जो चरचर आवाज झाला त्याला कवीनें लोहाराची उपमा दिली आहे. लोहार कुऱ्हाड तापवून थंड पाण्यांत बुडवितो, ती मोठ्यानें फूत्कारते, आणि त्या बुडविण्यानेंच लोखंडाला बळ येतें, असा त्या उपमेचा आशय आहे. तेथें होमरनें योजलेलें क्रियापद ‘बाप्तो’ हेंच होय. आपल्याकडील लोहार ह्याच क्रियेला ‘पाणी देणें’ म्हणतात. कोयत्याला पाणी नीट दिलें नाहीं तर त्याची धार टिकत नाहीं, हें खेड्यांतील मुलांस ठाऊक आहेच.

लोहारानंतर हा शब्द रंगाऱ्याच्या हातीं गेला. लोकर किंवा कापड रंगांत बुचकळावयाचें, म्हणून ‘बाप्तो’ला ‘रंगविणें’ असाही अर्थ आला. प्लेटोनें ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या ४ थ्या भागांत ह्या धंद्याचा दृष्टांत शिक्षणास लावला आहे. रंगारी जांभळा रंग चढविण्यापूर्वीं पांढरी लोकर निवडतो, ती काळजीपूर्वक तयार करतो, आणि मगच ती रंगांत घालतो. असा रंग धुण्यानें जात नाहीं. मुलांच्या मनावर चांगल्या शिक्षणाचा रंग असाच पक्का बसावा, असें प्लेटोचें म्हणणें. आपण ‘अभ्यासांत रंगणें’ किंवा ‘भजनांत रंगणें’ असें म्हणतों, तेव्हां आपणही नकळत त्याच धंद्याची भाषा वापरीत असतों.

ह्या दोन उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. वस्तु द्रवांत जाते, बाहेर येते, आणि बाहेर येतांना ती पूर्वींची राहिलेली नसते. लोखंड कठीण झालेलें असतें. लोकर रंगलेली असते.

२. जहाज, कर्ज आणि मद्य

‘बाप्तो’ला ‘-इझो’ हा प्रत्यय लागून ‘बाप्तिझो’ झालें, आणि अर्थांत जोर आला. ‘बाप्तो’ केलेली वस्तु बहुधा लागलीच बाहेर काढली जाते. ‘बाप्तिझो’ झालेली वस्तु पार पाण्याखालीं जाते, आणि ती वर येईलच असा भरंवसा नसतो. म्हणून इतिहासकारांच्या ग्रंथांत हें क्रियापद जहाजांच्या संबंधानें पुष्कळदां भेटतें. इ. स. पूर्वीं २४९ मध्यें सिसिली बेटाजवळ ड्रेपना येथें रोमन आरमाराचा कार्थेजकडून पराभव झाला. त्याचें वर्णन करतांना पॉलिबियस हा इतिहासकार जहाजें बुडविल्याबद्दल हेंच क्रियापद वापरतो. इ. स. पहिल्या शतकांतील यहुदी इतिहासकार जोसीफस आपल्या आत्मवृत्तांत सांगतो कीं, रोमला जातांना त्याचें जहाज अ‍ॅड्रियाटिक समुद्रांत बुडालें. जहाजावर सुमारें ६०० माणसें होतीं. त्यांनीं रात्रभर पोहून काढली, आणि त्यांतील सुमारें ८० जणांसच दुसऱ्या जहाजानें वर घेतलें. तेथेंही क्रियापद ‘बाप्तिझो’च. ह्या माणसांना ह्या शब्दांत कोणताही विधि किंवा पुण्य दिसलें नसेल. त्यांना दिसलें तें काळें पाणी.

पुढें हें पाणी मनुष्याच्या इतर संकटांवरही पसरलें. पहिल्या शतकाच्या शेवटीं ग्रंथ लिहूं लागलेला प्लुटार्क हा चरित्रकार रोमच्या ओथोविषयीं सांगतो कीं, तो पांच कोटींच्या कर्जांत ‘बाप्तिझो’ झालेला होता. डायोडोरस हा इतिहासकार इजिप्तच्या राजांविषयीं लिहितो कीं, त्यांना जमिनीचें उत्पन्न पुरेसें असल्यामुळें ते प्रजेला करांत बुडवीत नसत. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्यें अ‍ॅरिस्टोफेनीस हा विनोदी नाटककार काल रात्रीं मद्यांत बुडालेल्यांपैकीं आपण एक होतों असें कबूल करतो. आणि प्लेटोच्याच ‘युथिडेमस’ ह्या संवादांत क्लिनियस नांवाच्या कोंवळ्या मुलावर दोन वितंडवादी प्रश्नामागून प्रश्न टाकीत असतां तो गांगरून जातो. सॉक्रेटिसाला दिसतें कीं मुलगा बुडत आहे; त्याला दम घेतां यावा म्हणून तो मध्यें पडतो. परीक्षेच्या दिवसांत हा प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांना विशेष समजेल, आणि शिक्षकांनींही तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

आतां ह्या सर्व ठिकाणीं ‘बाप्तिझो’ काढून मराठी ‘बुडणें’ घालून पाहा. जहाज बुडालें, माणूस कर्जांत बुडाला, धंदा बुडाला, पेढी बुडाली, दुःखांत बुडाला, विचारांत बुडाला. एकही वाक्य अडत नाहीं. उलट मराठीनें आणखी पुढें मजल मारली आहे. सावकाराचे पैसे बुडवितां येतात, मजुराची मजुरी बुडते, आणि शाळा बुडविणें हा प्रकार तर सांगावयासच नको. दोन भाषा एकमेकींपासून हजारों कोस दूर असून पाण्याखालीं जाण्याचा अनुभव दोघींनींही एकाच वाटेनें फिरविला, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

आमच्या दोन जिल्ह्यांत तर हा शब्द अलंकारिक राहिलाच नाहीं. इ. स. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. तेव्हां ‘घर बुडालें’ हें वाक्य ज्यांनीं उच्चारलें त्यांना त्याचा दुसरा अर्थ सांगावा लागला नाहीं. सातारा जिल्ह्यांत पाटण तालुक्यांत कोयनेचें धरण झालें आणि शिवसागर जलाशय भरला, तेव्हां खोऱ्यांतील गांवें, देवळें आणि शेतें पाण्याखालीं गेलीं. सरकारी कागदांत अशा जमिनीला ‘बुडीत क्षेत्र’ म्हणतात. ह्या शब्दाकडे आपणांस पुन्हा यावयाचें आहे.

३. यार्देन नदीच्या कांठीं

इ. स. पूर्वीं तिसऱ्या व दुसऱ्या शतकांत यहुदी पंडितांनीं आपल्या हिब्रू शास्त्राचें ग्रीकमध्यें भाषांतर केलें. त्यांत नामान सेनापतीची कथा आहे. अरामी सैन्याचा हा सेनापति कुष्ठरोगी होता. संदेष्ट्यानें त्याला यार्देन नदींत सात वेळां स्नान करण्यास सांगितलें. आपल्या देशांतील नद्या यार्देनेहून चांगल्या, म्हणून तो प्रथम रागावला. पण चाकरांनीं समजाविल्यावर त्यानें सात बुचकळ्या मारल्या व तो बरा झाला. ह्या बुचकळ्यांबद्दल भाषांतरकारांनीं ‘बाप्तिझो’ योजिलें. ग्रीक व्याकरणांत कर्ता आपली क्रिया आपणावरच करतो तेव्हां क्रियापदाचें एक निराळें रूप होतें, त्यास मध्यम प्रयोग म्हणतात. नामानाच्या गोष्टींत तेंच रूप आहे. त्यानें स्वतःच स्वतःस बुचकळलें. तथापि त्याच भाषांतरांत यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत अधर्म मला बुडवीत आहे, अशा अर्थानेंही हाच शब्द आला आहे. म्हणजे बुडण्यानें एक बरा होतो, आणि दुसरा गुदमरतो, शब्द एकच.

नव्या करारांत ह्या क्रियापदाच्या निरनिराळ्या छटा एकत्र भेटतात. मार्क व लूक ह्यांच्या शुभवर्तमानांत जेवणापूर्वींच्या शुद्धतेच्या धुण्यास हा शब्द लाविला आहे. योहान लोकांना यार्देनेंत स्नान घाली, म्हणून त्याचें उपनांवच ह्या धातूपासून झालें. येशू पुढें येणाऱ्या आपल्या दुःखाविषयीं बोलतो तेव्हांही हाच शब्द वापरतो. तेथें जहाजाच्या गोष्टींतलें तें काळें पाणी पुन्हा दिसूं लागतें. एक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, विधीच्या बाबतींत आतां क्रियापद बहुधा कर्मणि प्रयोगांत येतें. नामानानें स्वतः बुचकळी मारली. ह्या लोकांना दुसरा कोणी बुचकळतो. मनुष्य आपणाला दुसऱ्याच्या हातीं देतो, हा अर्थ व्याकरणाच्या रूपानेंच सांगितला गेला.

लौकरच शब्द विधीचें नांव झाला, आणि पाण्याचें मान हा वेगळा प्रश्न झाला. ‘दिदाखे’ नांवाचें अगदीं आरंभींच्या मंडळींचें एक छोटें पुस्तक इ. स. १८७३ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडलें व १८८३ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत वाहतें पाणी उत्तम, तें नसल्यास दुसरें, थंड नसल्यास ऊन, आणि पुरेसें कांहींच नसल्यास डोक्यावर तीन वेळां पाणी ओतावें, अशी व्यवस्था आहे. म्हणजे बुडण्याइतकें पाणी नसलें तरी क्रियापद तेंच राहिलें. आजच्या ग्रीक भाषेंत तर ह्या जुन्या घराण्याची वांटणीच झाली आहे. ‘बाप्तो’पासून आलेलें ‘वाफो’ हें क्रियापद रंग देणें ह्या अर्थीं चालतें, आणि ‘वाफ्तिझो’ म्हणजे बाप्तिस्मा देणें, तसेंच नांव ठेवणें. जहाज बुडविणाऱ्या शब्दानें आतां बाळाचें बारसें होतें.

४. भाषांतरकारांची अडचण

हा शब्द परक्या भाषेंत नेतांना दोन मार्ग होते. एक, त्याचा अर्थ देणें. दुसरा, तो आहे तसा उचलून घेणें. जर्मन भाषेनें पहिला मार्ग धरला. त्यांचें ‘टाउफेन’ हें क्रियापद ‘खोल’ ह्या अर्थाच्या शब्दाशीं नातें सांगतें. लॅटिन मंडळींत टर्टुलियनसारखा लेखक ‘भिजविणें, रंगविणें’ ह्या अर्थाचें लॅटिन क्रियापद वापरी. पण पुढें ग्रीक शब्दच रूढ झाला. इ. स. १६११ च्या इंग्रजी भाषांतरानेंही तोच ठेवला.

हिंदुस्थानांत ह्यावरून मोठा वाद झाला. विल्यम केरी ह्यांनीं बंगालमधील श्रीरामपूर येथून इ. स. १८०५ मध्यें मराठी व्याकरण, १८१० मध्यें कोश आणि १८११ मध्यें नवा करार छापविला, हें मराठीच्या अभ्यासकांस विदित आहे. केरी व त्यांचे सहकारी बाप्टिस्ट पंथाचे होते. पूर्ण बुडविणें हाच खरा विधि, असें त्या पंथाचें मत. त्या पंथाच्या भाषांतरकारांनीं बंगालींत ‘बुडविणें’ ह्या अर्थाचा शब्द योजला. इतर पंथांच्या मिशनऱ्यांनीं हरकत घेतली, आणि इ. स. १८३३ मध्यें ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीनें अशा भाषांतरास द्रव्यसाहाय्य देण्याचें नाकारलें. १८३६ मध्यें ह्याच कारणावरून अमेरिकेंतही फूट पडून बाप्टिस्टांनीं निराळी सोसायटी काढली, आणि १८४० मध्यें इंग्लंडांत त्यांची बायबल ट्रान्स्लेशन सोसायटी स्थापन झाली. एका क्रियापदापायीं दोन खंडांत दोन संस्था जन्मास आल्या! ह्या भांडणांत कोणाचें खरें हें ठरविणें ह्या लेखाचें काम नव्हे. मात्र ज्यांनीं ग्रीक शब्द तसाच ठेवला त्यांनीं निदान आपल्या वाचकांस भांडणाबाहेर ठेवलें, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. मराठी शास्त्रांत ‘बाप्तिस्मा’ हा शब्द रूढ झाला. मराठी कॅथॉलिक बंधूंत ‘स्नानसंस्कार’ असाही शब्द आहे.

५. ‘बुडविणें’ कां नको?

परंतु पंथांचे वाद बाजूस ठेवले तरी मराठींत आणखी एक अडचण होती असें आम्हांस वाटतें, आणि ती आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें खरें उत्तर आहे. मराठींत ‘बुडणें’ ह्या शब्दासमोर ‘तरणें’ हा शब्द उभा आहे. आमच्या संतांनीं ह्या जगाला भवसागर म्हटलें. जो उद्धरला तो तरला, जो फसला तो बुडाला. देहूस इंद्रायणींत तुकोबांच्या वह्या बुडविल्या गेल्या आणि त्या तरल्या, ही कथा महाराष्ट्रांत पोराबाळांनाही माहीत आहे. बुडत्याला काडीचा आधार आणि बुडत्याचा पाय खोलांत, ह्या म्हणी आपल्या तोंडीं आहेत. अशा भाषेंत कोणी अभिमानानें येऊन सांगितलें कीं, “मला पाद्रीसाहेबांनीं बुडविलें,” तर ऐकणारा काय समजेल? ज्या क्रियेनें मनुष्य तरतो असें सांगावयाचें, तिलाच ‘बुडविणें’ म्हणणें मराठी कानाला उलटें वाटलें असतें.

मग ‘स्नान’ म्हणावें, तर तेंही निर्वेध नाहीं. स्नान रोजचें आहे, पर्वणीचें आहे, साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आणि सांगलीजवळ हरिपुरास कृष्णा-वारणेच्या संगमावर तें पिढ्यान् पिढ्या होत आलें आहे. शिवाय आपल्या भाषेंत ‘एखाद्याच्या नांवानें आंघोळ करणें’ असा एक भयंकर वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ तो मनुष्य आपल्यास मेला असें समजणें. ज्या काळीं धर्मांतर करणाऱ्यास घर सुटत असे, त्या काळीं एका पाण्यानें मनुष्य नव्या मंडळींत येई आणि दुसऱ्या पाण्यानें जुनें घर त्याला पारखें होई. म्हणून कोणत्याही मराठी पाण्याचें नांव न घेणारा परका शब्द सोयीचा ठरला.

सोय झाली, पण किंमतही पडली. ग्रीकमध्यें जें क्रियापद होतें त्याचें मराठींत नाम झालें. बाप्तिस्मा ‘घेतात’ आणि ‘देतात’, जशी शपथ घेतात किंवा पदवी देतात. शब्दांतलें पाणी आटलें. लोहाराचा फूत्कार, रंगाऱ्याचा पक्का रंग, जोसीफसची ती रात्र, बुडत्या मुलाला दम देणारा सॉक्रेटिस, ह्यांपैकीं कांहींच ‘बाप्तिस्मा’ ऐकतांना मराठी मनांत येत नाहीं.

६. साताऱ्याचा प्रसंग

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हें दाखविण्यास सातारचेंच उदाहरण आहे. कविवर्य नारायण वामन टिळक ह्यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यामुळें त्यांची व लक्ष्मीबाईंची ताटातूट झाली, आणि तिचें वर्णन लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथांत वाचून अजूनही डोळे भरून येतात. लक्ष्मीबाईंनीं स्वतः इ. स. १९०० मध्यें बाप्तिस्मा घेतला. ह्या घराला त्या शब्दाची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

असें असूनही इ. स. १९१७ मध्यें टिळक मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास आले, आणि त्यांनीं ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचें एकच बंधुमंडळ असावें, ही त्यांची कल्पना. तिच्यामुळें पुष्कळांस प्रश्न पडण्यासारखा होता: ज्या पाण्यापायीं घर दुभंगलें, तें पाणी न ओलांडणाऱ्यालाही बंधु म्हणावयाचें काय? टिळकांनीं होय म्हटलें. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस निवर्तले, आणि दरबार त्यांच्यामागें फार काळ टिकला नाहीं. त्यांचें म्हणणें कोणास पटो वा न पटो. ज्यानें त्या शब्दाची पूर्ण किंमत मोजली होती, त्यानेंच तो शब्द दोन माणसांमधील भिंत होऊं नये असें म्हणावें, ह्याला वजन आहे. आमच्या मतें टिळकांनीं आटलेल्या नामांत पुन्हा क्रियापद शोधलें. मनुष्य कोणत्या यादींत आहे ह्यापेक्षां तो कशांत बुडाला आहे, कोणता रंग त्याला चढला आहे, हें त्यांनीं पाहिलें.

७. उत्तर

तर आमच्या विद्यार्थ्यास उत्तर हें कीं, मराठींत शब्द नव्हता असें नाहीं. शब्द होता, आणि तो फार जिवंत होता. तो आधींच पुरानें, कर्जानें, भवसागरानें भरलेला होता. म्हणून नवा, कोरडा शब्द घ्यावा लागला. कोरडा शब्द सोयीचा असतो. त्यानें भांडण टळतें, नोंदवही नीट राहते. पण कोरड्या शब्दानें माणूस दिसेनासा होतो. ‘बुडीत क्षेत्र’ हा शब्द पाहा. तो आमच्याच भाषेंतला, तरी कागदावर गेल्यावर त्यांतलेंही पाणी आटलें. तो वाचतांना हेक्टर दिसतात. चूल, उंबरा आणि देवळापुढचा पार दिसत नाहीं. मग परका ‘बाप्तिस्मा’च आटला असें कसें म्हणावें? जो शब्द विधीच्या अगर कचेरीच्या हातीं जातो, त्याचें असेंच होतें.

भाषेचा अभ्यास म्हणजे अशा शब्दांत पुन्हा पाणी सोडणें होय. धातु शोधावा, तो प्रथम कोणाच्या तोंडीं होता तें पाहावें, आणि आपल्या घरीं त्याच अनुभवाला काय म्हणतात हें विचारावें. आमची वाचकांस विनंती आहे कीं, सुटींत गांवीं गेल्यावर ‘बुडणें’ ह्या शब्दाचे जितके प्रयोग वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकावयास मिळतील तितके टिपून घ्यावेत. कोणी म्हटलें, केव्हां म्हटलें, कशाविषयीं म्हटलें, हेंही लिहावें. पुढील अंकांत ते एकत्र देतां येतील. नदीकांठच्या त्या विद्यार्थ्याची वही सर्वांत आधीं भरेल, अशी आमची खात्री आहे.